टाकीतले भोकाचे पैसे

१८ नोव्हेंबर
समुद्री माशांच्या टाकीतली झाडूवाली कोळंबी सकाळी वाळूवर आडवी. चार वर्षं माशांचे दात कोरून दिले बिचारीने. बायकोने, कमलने चमच्यावर उचलली. तुळशीत पुरते म्हणाली. म्हटलं अवं, खारी आहे, तुळस जळेल. मग पेरूच्या बुडाशी.
पाणी तपासलं. खारटपणा बरोबर, ऊब बरोबर. कारण सापडत नाही.
जालन्याहून लेकीचा, वैशूचा फोन. सातवा लागला. डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून बजावलं आहे. या आधी दोन वेळा पाचव्यातच… असो. हे तिसरं.

२१ नोव्हें.
गोगलगाया काचेवरून गळून पडताहेत. आज तीन. हातोडी पोवळं निम्मं मिटलं. एरवी सकाळी दिवा लागला की त्याची बोटं वाऱ्यावरल्या ज्वारीसारखी डोलतात.
सलीमभाई आला होता. टाकीची काच त्यानेच जोडून दिलेली, म्हणून त्यालाही घोर. तरी तोंड काही थांबत नाही. "भाऊ, मेहकरात समुद्र पाळण्यापरीस उंट पाळला असता तुम्ही, दारात बांधता तरी आला असता." मग नेहमीचं, लोणारचं पाणी काऊन आणत नाही. दहा वर्षांत येणारा प्रत्येक जण हे विचारतो. अरे बाबा, ते पाणी वेगळं, हे वेगळं.

२२ नोव्हें.
ड्रमात मीठ कालवून ठेवलं. उद्या चौथाई पाणी बदलणार. अडाण्याची दवा, पाणी बदलणे.

२४ नोव्हें.
बदलून फरक नाही. नागपूरच्या देशमुख सरांना फोटो पाठवले. हातोडीचं पहिलं बोट त्यांच्याच टाकीतलं, डब्यात घालून एस.टी.ने मांडीवर आणलं होतं. त्यांचा लगेच फोन. "काका, मासे ठणठणीत आणि बाकीचं मरतंय ना? तांबं बघा. मासा तांबं सोसतो, पोवळं सोसत नाही."
चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. टाकीवरचा दिवा माझ्या हातचा, जोड माझ्या हातचे. तार उघडी पडून पाण्यात उतरली असेल तर मारेकरी मीच.
तांबं तपासायची बाटली मागवली.

२५ नोव्हें.
दिवा खोलला, दोन्ही पंप खोलले. अंगणात दुकानासारखा पसारा. सगळे जोड शाबूत.
कमल म्हणे, "त्या दिव्याचं पोट फाडून काय भेटून राह्यलं तुमाले?"
"बिघाड पाहून राह्यलो."
"माणसाच्या घरात येवढं पाह्यलं असतं तर भिंतीची ओल गेली असती."
बरोबर आहे तिचं.

२९ नोव्हें.
बाटली आली. टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग चढला. चढायला नको होता.
नळाचं पाणी तपासलं, फिल्टरचं तपासलं, ड्रमातलं तपासलं. कुठेच नाही. म्हणजे जे आहे ते टाकीच्या आत आहे.

३० नोव्हें.
सापडलं.
दुपारी कमल भजनाला गेली होती. बॅटरी घेऊन काचेला डोळा लावला. मागच्या दगडाआड, कपारीत, लाल दोऱ्यात ओवलेले पाच तांब्याचे भोकाचे पैसे. हिरवे पडलेले. ओळखले. देवघरातल्या पितळी डबीतले, तिच्या आईने दिलेले.
हात घातला होता. कोपरापर्यंत. मग बाहेर काढला, तसाच रिकामा. आधी तिला विचारावं म्हटलं.

१ डिसेंबर
विचारलं. मेथी निवडत होती.
"डबीतले पैसे दिसत नाहीत."
निवडणं थांबलं नाही. "पाह्यले वाटते तुम्ही."
मग तिने सांगितलं सगळं. कुठेही निघालो तरी पैनगंगेच्या पुलावर ही खिडकीतून नाणं टाकल्याशिवाय राहत नाही. "नदीले देतो, मंग समुद्र तर समद्या नद्यांचा बाप. तो घरात येऊन बसला हाय आपल्या. त्याले काऊन नाही द्यायचं?" वैशूचे दिवस राहिल्याचं कळलं त्या आठवड्यात नवस बोलली, दिवाळीनंतर पैसे सोडले. बाळ हातात येईस्तोर त्या पैशांना कोणी शिवायचं नाही.
"मले काऊन नाही सांगितलं?"
"तुम्ही हसले असते."
हसलो असतो. खोटं कशाला लिहू.
पण तांब्याचं काही बोललो नाही. झाडूवालीसाठी दोन दिवस हळहळली ती. तिला कसं सांगू की अवं, तूच…

४ डिसें.
हातोडी गेली. तपकिरी बुळबुळीत झाली, हात लावला तर गळून आली. खोलीभर सडका वास. कमलने नाकाला पदर लावला. "काय झालं हो हिले?" म्हटलं थंडी. ऊब लावलेल्या टाकीत कसली थंडी.
नुसता सांगाडा राहिला, पांढरा. नळाखाली धुतला.
दगडावरची बटणाएवढी पोवळी, आमची बटणं, तीही मिटलेली. ती गेली की सगळं गेलंच.

५ डिसें.
मनाशी हिशोब लावून पाहतो तो लागत नाही. नाण्याने बाळ वाचत नाही, हे मला कळतं. मग नाणं काढल्याने बाळाला काही होत नाही, हेही कळायला पाहिजे. पण हात आत गेला की थांबतो. दोन वेळा वैशूला दवाखान्यातून रिकाम्या हाताने आणलंय. गाडीत मागे बसून ती नुसती बाहेर पाहत होती. ते डोळ्यापुढे येतं.

८ डिसें.
सलीमभाईला सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच पाहिजे होतं. तो हसला नाही.
"भाभीले सांगून टाका ना."
"सांगितलं अन् पोरीले काही झालं, तर ती स्वतःले खाईल. नाही झालं तरी पोवळं तिनं मारलं, हे तिच्या डोक्यात बसल."
"मंग काढा चुपचाप."
"आता रोज दिवा लावून तिथं हात जोडते ती. जागा रिकामी दिसल."
त्याने डोकं खाजवलं. पाट्या करायचं हिरवट तपकिरी अॅक्रिलिक पडलंय म्हणाला त्याच्याकडे. मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा लाज वाटली, अन् हायसंही.

१० डिसें.
सलीमभाईने पाच चकत्या कापून दिल्या, मधे भोक पाडून. वरून कानशीने ओरखडे. "खरे पैसे बी येवढे खरे दिसत नसतील भाऊ." नवा लाल दोरा ओवला. कमल किराणा आणायला गेली तेव्हा बदलले. दगडाआड काही फरक दिसत नाही.
खरे पैसे धुऊन पुसून रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले.
चोरी केल्यासारखा डबा कपाटामागे सरकवला. आहेच चोरी.

१५ डिसें.
तांबं ओढणारी पुडी सरांनी पाठवली, फिल्टरात घातली. पाणी दोनदा बदललं.
कमल संध्याकाळी टाकीपुढे निरांजन घेऊन उभी. ओठ हलत होते. मी पाठमोरा बसून वर्तमानपत्र धरलं.

२२ डिसें.
बाटलीत रंग जवळपास नाही. बटणांतली चार उघडली आज. हिरवी, मधे नारिंगी ठिपका. कमलने पाहिली. "पाहा," म्हणे, "त्याले पोचलं. पोरीचं बी बरं होईल आता."
हाव म्हटलं.

२६ डिसें.
जावयांचा फोन सकाळी. वैशूचं बीपी चढलं. पायावर, तोंडावर सूज. बाळाची वाढ थांबल्यासारखी म्हणतात. भरती केलं.
कमल दहाच्या गाडीने गेली. निघताना चपला घातलेल्या काढून परत आत आली, टाकीपुढे वाकली. मला म्हणे, "दोन टाइम दिवा लावजा. अन् त्याले हात लावू नका."
कोणाले, ते विचारायची गरज नव्हती.

२७ डिसें.
दिवा लावला. दोन्ही वेळा.
कमलचा फोन. अजून दोन दिवस पाहणार, मग पोट कापून काढणार. आठवा पुरता सरला नाही. "नमस्कार केला ना?" विचारलं. केला म्हणालो. खरंच केला होता. सलीमभाईच्या चकत्यांना.
डबा काढला. पैसे तळहातावर घेतले. परत टाकले तर उघडलेली बटणं आठवड्यात मिटतील, त्यांना तर कसला नवस माहीत नाही. नाही टाकले अन् तिकडे वाईट झालं, तर उरलेला जन्म या घरात कमलपुढे बसून जेवायचं कसं. मी कधी देवापुढे नारळ फोडला नाही. आज या पाच पैशांची भीती वाटते.
परत डब्यात ठेवले. मग परत काढले.

२८ डिसें., जालना
सलीमभाईवर टाकी सोपवून आलो. त्याला उडालेलं पाणी भरायचं शिकवलं, मीठ नाही, नुसतं गोडं पाणी, तीनदा सांगितलं. "भाऊ, मी काच जोडतो, मले येवढं तरी समजते," म्हणाला. मग हळूच, "दुवा करतो."
पैसे खिशात आहेत, रुमालात बांधून. टाकीत नाही, डब्यात नाही. पूल आला तेव्हा रुमाल हातात होता. सोडला नाही. ते नवसाचे, माझे नाहीत.
वैशूला पाहिलं. चेहरा ओळखू येईना सुजून. माझं बोट धरलं, लहानपणी धरायची तसं सगळं मुठीत. "बाबा, मासे कसे हायत?"
मस्त आहेत म्हटलं.
उद्या सकाळी आठला नेणार.

बाकावर कमलशेजारी बसून लिहितो आहे. जपमाळ चालू आहे तिची. मघाशी विचारलं, "तिकडं समदं हाय ना जागच्या जागी?"
मी वहीत पाहत राहिलो.
सगळं नीट झाल्यावर सांगणं सोपं. दोघं हसू, ती सलीमभाईलाही शिव्या देईल. पण ते सांगणं नव्हे. सांगायचं तर आज, आठच्या आत, तिच्या नवसात अजून जीव आहे तोवर. सांगितलं तर उद्या ती कशाच्या आधारावर बसेल. नाही सांगितलं तर माझ्या खोट्याच्या आधारावर बसेल.
ती पाहते आहे. काय लिहून राह्यले, विचारते.