उजवा खांदा

आई, आज तमिळ आडी महिन्यातला तिसरा शुक्रवार. पाचला उठले, दिवा लावला, भात, रसम आणि केळफुलाची भाजी केली, डबा भरला. साडेआठच्या टाउन बसने शिवणाच्या युनिटला गेले. दहा वाजता टेम्पो आला आणि कापायची दोन्ही टेबलं घेऊन गेला, कापड आता मशीन कापणार. कापणाऱ्या चौघींना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. मला ठेवलं आहे, चेकिंगला. साडेपाचला सुटले, सहाला घरी आले. एवढाच दिवस.

तू असतीस तरी हे तुला वाचता आलं नसतं. इथे तमिळ मुलखात मराठी आपल्या घरात फक्त बोलायची होती, मापं तू तमिळमध्ये लिहायचीस. देवनागरी मी पुण्यात शिकले, एका एक्स्पोर्ट कंपनीत पॅटर्न काढायला तीन वर्षं होते तेव्हा, आधी दुकानांच्या पाट्यांवरून आणि मग वर्तमानपत्रातून. तिथल्या मुली माझ्या बोलण्याला हसायच्या. "तू आमच्या पणजीसारखी बोलतेस गं," म्हणायच्या. मी मग कमी बोलायला लागले. तशी आधीही फार बोलत नव्हते, तुला माहीत आहे.

राजवाड्यामागच्या गल्लीतलं आपलं स्वयंपाकघर अजून जसंच्या तसं दिसतं. मशीन खिडकीशी, त्याच्या शेजारी गॅस. दारात बायका उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या हातात मापाचा जुना ब्लाउज आहे. तू तो घेतेस, उलटापालटा करून बघतेस आणि बाजूला ठेवतेस. "हें ज्यानं शिवलं त्याचं माप आहे, तुझं नव्हे. उभी रहा." ती ताठ उभी राहते. "अशी नको गे. रोज बसस्टॉपवर उभी राहतेस तशी." मग तू टेपला हातच लावत नाहीस. तिच्या सुनेची चौकशी करतेस, सांबारात मीठ घालतेस, आणि ती उभी आहे हे ती विसरली कीं टेप घेऊन मागून जातेस. बहुतेक बायकांचा उजवा खांदा उतरता असतो, हे मला तुझ्याकडून कळलं. कोणाचा पाण्याच्या घागरींनी, कोणाचा वह्यांच्या पिशवीने, कोणाचा काही कारण नसताना. म्हणून तू कापड दुमडून कधी कापलं नाहीस. डावी बाजू वेगळी आखायचीस आणि उजवी वेगळी. कागदावर आधी कट काढायचीस, त्यावर त्या बाईचं नाव लिहायचीस आणि सगळे कागद एका खिळ्याला अडकवायचीस.

मी दहावीत असताना शाळेतल्या टीचरचा ब्लाउज तू मला कापायला दिलास. मोरपंखी रंगाचा. मी कापड दुमडलं आणि एका कातरीत दोन्ही बाजू काढल्या. मला वाटलं होतं, किती लवकर झालं म्हणून तू खूश होशील. तू दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पाहिलेस. ओरडली नाहीस. "माणूस दुमडून कापतात काय गे?" एवढंच विचारलंस. मग माझ्या दिवाळीच्या परकराचं कापड काढलंस, तेही मोरपंखीच होतं, आणि त्यातून टीचरना नवा ब्लाउज शिवून दिलास. काय झालं तेही त्यांना सांगितलंस. त्या हसल्या. "असू दे अम्मा, पोरगी आहे, शिकेल." तू म्हणालीस, "शिकेल कीं. पण तुमच्या पाठीवर नको." त्या दिवाळीला मी जुना परकर नेसले. मला तेव्हा तुझा राग आला होता. आता येत नाही.

आमच्या युनिटमध्ये तयार ब्लाउज होतात आणि फोनवर विकले जातात. आधी चित्र तयार होतं, कापड मागाहून येतं. चित्रातली मुलगीसुद्धा आता खरी नसते, कॉम्प्युटरवर करतात. तिच्या खांद्याला उतार नसतो आणि काखेत घाम येत नाही. त्या चित्राला मागणी आली तर तीन दिवसांत माल द्यायचा, नाही आली तर दुसरं चित्र. एक डिझाइन दोन आठवडे टिकलं तर फार झालं. शिवणीच्या आत सोडायचं जास्तीचं कापड नखाएवढं असतं, कारण उसवून, सैल करून कोणी पुढच्या वर्षी घालणार नाही हे धरूनच चाललेलं असतं. परत आलेला ब्लाउज दुरुस्त करण्यापेक्षा नवा शिवणं सोपं पडतं, म्हणून परत आलेले फाडून मशिनी पुसायला देतात. बऱ्याच पाकिटांवर एकच तक्रार असते, उजव्या बाजूने गळा घसरतो. त्यावर उपाय म्हणून यंदा सगळ्यांना मागे नाडी लावली आहे. तिला आता फॅशन म्हणतात.

हे का होतं ते मला माहीत आहे आणि तेच तुला सांगायचं आहे. दोन वर्षांपूर्वी मालकांच्या सुनेने, आम्ही तिला मॅडम म्हणतो, मला विचारलं, "अक्का, तुमच्या अम्मांचे जुने कागदी कट आहेत ना? आपण त्यावरून नवीन लाइन काढू." मला बरं वाटलं. तू गेल्यावर ते कागद मी ट्रंकेत ठेवले होते. ते इस्त्री करून, पिशवीत घालून मी स्वतः घेऊन गेले. कॉम्प्युटरवाल्याने ते टेबलावर पसरले, फोटो काढले. मग तो थांबला. मॅडम होत्या, मालक होते, चेन्नईहून आलेले दोघे होते. तो म्हणाला, "अक्का, या बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. सगळ्याच कागदांत उजवी बाजू खाली गेली आहे. अम्मांचा हात हलायचा का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायला चार वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, "वय झालं होतं. हात कापायचा."

तो म्हणाला, "परवाइल्लै अक्का, असू दे, आता नीट करतो." त्याने डावी बाजू उचलली, उलटी केली आणि उजवीच्या जागी बसवली. प्रत्येक कागदाला एक क्षण लागला. त्या ब्लाउजांना आता 'आजीचा कट' असं लेबल असतं. तुझा हात कधीच हलला नाही. शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलच्या कॉटवर, तू शेजारच्या पेशंटच्या मुलीला चष्म्याशिवाय सुई ओवून दिली होतीस. मी तिथे बसले होते. मग मी असं का म्हटलं, याचा विचार मी पुष्कळ केला. मला कोणी धमकावलं नव्हतं. घाईही नव्हती. नव्या माणसांसमोर जुनं काहीतरी समजावत बसायचं जिवावर आलं, आणि त्या कॉम्प्युटरपुढे मला एक क्षण वाटलंसुद्धा, कीं चुकली असेल आईच.

आज टेम्पो गेल्यावर, मी स्वतः जिला अक्का म्हणते ती माझ्याकडे आली. तुझ्याकडे शिकलेली, जिला तू कातर धरायला शिकवलंस तीच. त्या चौघींत तीही आहे. साठीला आली आहे, नवऱ्याला दिसत नाही, घर तिच्यावर आहे. ती म्हणाली, "तू जा मॅडमकडे. गळा का घसरतो तें त्यांना माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. हातानं कापू द्या म्हणावं, एक टेबल ठेवा, एक पुरे. तुझ्या आईचा कट आहे, तुझं ऐकतील. मला आता कोण घेणार? साडीच्या दुकानात उभं करायला यांना वीस वर्षांच्या पोरी लागतात, मला पाहून गिऱ्हाईक पळेल." आणि हसली. तशीच हसते ती, दात दाखवून.

मी गेले. मॅडम वाईट नाहीत. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी खांद्याचं सांगितलं, नीट, सावकाश. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण अक्का, असं होतं तर तेव्हा का नाही बोललात? तुम्हीच म्हणाला होतात, अम्मांचा हात कापायचा." तेव्हा खोटं बोलले, असं म्हणायला तोंड उघडायला हवं होतं. मी म्हटलं, "हो मॅडम." त्या म्हणाल्या, "आणि फोनवर ब्लाउज मागवणाऱ्या बाईचा खांदा किती उतरतो, हे मला कसं कळणार, सांगा."   तू म्हणाली असतीस, तिला इथे उभी कर. ती हजार मैलांवर आहे, आई, आणि ब्लाउज तिला परवा हवा आहे.

म्हणजे मी तेव्हा खरं बोलले असते तरी टेबलं गेलीच असती, कदाचित. बसमध्ये मी हेच मनात घोळवत आले. पण त्याने काही हलकं झालं नाही. टेबलं जाणं वेगळं आणि तुझा हात कापायचा असं चारचौघांत सांगणं वेगळं. ते मी केलं, आणि आज पुन्हा एकदा केलं.

अक्का जिन्याखाली थांबली होती. मी म्हटलं, "बोलले. ऐकत नाहीत." तिने माझा हात धरला. "बोललीस ना? पुरे. तुझ्या आईची पोर शोभतेस." मग तिने तिचा डबा आणि चपला घेतल्या आणि गेली.

तिला मी खरं सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं वाटत नाही. तुलाही, तू जाऊन अकरा वर्षं झाल्यावर, सांगते आहे, तेही तुला न येणाऱ्या लिपीत.

उद्या शनिवार, काम आहे. चेकिंगवाल्यांना नवे निळे कोट दिले आहेत. कोरं कापड मानेला टोचतं, म्हणून आल्याबरोबर माझा बादलीत भिजवला होता. आत्ता जाऊन पाहिलं तर रंग निघाला होता. ते पाणी मोरीत ओतलं, बादली पुन्हा भरली आणि कोट परत बुडवला.