म्हसोबाचा कोपरा

अण्णा, देवाची जागा यंत्राने खरवडली तर तो कोपतो का? घरातली पहिली पदवीधर असूनही मला याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही हसून म्हणाला असतात, "मला काय इचारती, त्यालाच इचार."

श्रीगोंद्याचं आपलं रान अजून डोळ्यांपुढे आहे. पेरणीआधी तुम्ही चपला बांधावर काढायचात, विहिरीजवळच्या खालच्या कोपऱ्यात म्हसोबापुढे नारळ फोडायचात आणि ओल्या खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवायचात. त्याच्याभोवतीची खाटेएवढी जागा तुम्ही कधीच नांगरली नाही. बैल वळवताना त्या शेंदरी दगडाला म्हणायचात, "सरक की जरा, देवा, औत वळू दे." तो खरंच सरकेल म्हणून मी टक लावून बघत बसायचे.

तुम्ही गेल्यावर कळलं, की वरच्या अंगाच्या बंद कारखान्याने पुरलेल्या पिंपांतलं रसायन आपल्या मातीत उतरलंय. ज्वारी गुडघ्याएवढी होते आणि पिवळी पडते. आता ते रान साफ करणाऱ्या पथकात मीच आहे. माणसाच्या नाकातोंडात ती धूळ जायला नको, म्हणून आमचा रोबो एकटा रानात फिरतो, मातीचे नमुने घेतो, विषारी थर खरवडून बंद पेटीत भरतो. मी लांब उभी राहून पडद्यावर बघते. नकाशा आखताना म्हसोबाचा कोपरा मी वगळला होता. पण सगळ्यात जास्त विष निघालं ते तिथेच. उताराचं पाणी तिथेच मुरतं, आणि ती माती कधी कुणी हलवलेलीच नाही. ती तशीच ठेवली, तर सगळं विहिरीत उतरणार.

आईला सांगितलं, तर ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. "तुजा बाप असता तर हात लावू दिला नसता. आन् बाईमानसानं उचलायचा असतोय व्हय म्हसोबा?"

"मग रोबोला उचलू देऊ?"

"नगं! त्यापरीस तूच उचल, बाई."

काल सकाळी गेले. चपला काढायची सोय नव्हती. पायात बूट, हातात मोजे, तोंडावर मास्क. पथकातल्या कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. दगडाला हात घालण्याआधी मी मास्कच्या आत पुटपुटले, "सरक की जरा, देवा."

लई जड नव्हता, अण्णा. वरच्या बांधावर, लिंबाखाली नेऊन ठेवला. दुपारपर्यंत कोपरा खरवडून झाला होता.