जावयाला ‘नाही’ म्हणायची परीक्षा

भोपाळ
(पत्ता अजून जुनाच. ‘अजून’ का, ते पुढे येईल.)

तीर्थस्वरूप नीळकंठभाऊजी यांच्या चरणी प्रभाकरचं डोकं, आणि लीलाताईला तिच्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. आपला गुडघा कसा आहे? जिना चढताना तो कुरकुरतो असं ताई फोनवर म्हणाली. आमचं क्वार्टर तळमजल्यावर आहे, पायरीसुद्धा एकच, हे आत्ताच लिहून ठेवतो. (उगीच नाही लिहीत.) ताईनं पाठवलेलं लिंबाचं लोणचं संपलं. रत्नप्रभा म्हणते, रिकामी बरणी परत पाठवायची पद्धत आपल्याकडे नाही, तेव्हा ती इथेच आहे.

आपण विचारलं होतंत, रिटायर झाल्यावर दिवसभर करतोस काय. भाऊजी, मी दारू वाढतो. दचकू नका, आणि ताईला लगेच हाक मारू नका, आधी पुरतं वाचा. आपल्याला ठाऊकच आहे, मी खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन पितो. पण झालं असं की आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाला मी वाढायला होतो. माझं वाढप आपण पाहिलेलं आहे. समोरच्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारा माणूस मी! आमच्या घराण्यात पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की तिथून खरं जेवण सुरू होतं. त्या दिवशी पंगतीला आमच्या कारखान्याच्या मोठ्या साहेबांची बायको होती. तिला उठताना दोघींचा आधार घ्यावा लागला, पण खूश झाली. महिनाभरात मी रिटायर झालो आणि टाउनशिपच्या क्लबात मॅनेजर म्हणून लागलो. पगार बेताचाच, पण एक मेख आहे: ही नोकरी असेपर्यंत क्वार्टर सोडावं लागत नाही.

आणि क्वार्टर म्हणजे काय, हे मी आपल्याला काय सांगू! आमची शोभा याच घरात रांगली. मागच्या अंगणातला कढीपत्ता रत्नप्रभानं काडी लावून वाढवला, आता क्वार्टरांची अख्खी लाइन त्याच्या फोडणीवर जगते. कोलार रोडवर आम्ही बांधतोय ते घर आहे, नाही असं नाही. त्याला वरचा मजला आहे, जिना नाही. नळ आहे, पाणी नाही. मिस्त्री रोज म्हणतो, “हो जाएगा, भाईसाब,” आणि कुणाच्या तरी लग्नाला निघून जातो. आज तिकडे राहायला जावं लागलं तर रत्नप्रभा तोंडानं काही बोलणार नाही, पण त्या कढीपत्त्याखाली बसून रडेल. ते मला बघवणार नाही भाऊजी, सरळच सांगतो.

तर होळीच्या पार्टीनंतर आमचे एक डेप्युटी मॅनेजर क्लबातून स्कूटरवर निघाले आणि थेट बागेतल्या कारंज्यात शिरले. कारंजं बंद होतं म्हणून वाचले. (आमचं कारंजं बंद असण्याचा कुणाला फायदा झाला, असं पहिल्यांदाच घडलं.) लगेच वरून हुकूम आला. क्लबच्या बारमध्ये जो पेला भरेल आणि जो त्याच्यावर देखरेख करेल, त्यानं ‘जबाबदार मद्यसेवा’ नावाचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवायचं. नाही मिळालं तर माणूस बदलायचा. आता आपणच सांगा, माणूस बदलला की क्वार्टरही बदललंच की!

वर्ग मात्र पावसाळा सरल्यावर, आमच्याच बॅडमिंटन हॉलमध्ये भरला. शिकवायला सक्सेना साहेब नावाचे गृहस्थ. चाळीस वर्षं हॉटेलांत काढलेले, स्वतः थेंबाला शिवत नाहीत, पण प्यायलेल्याची नक्कल अशी करतात की जवळ बसलं तर वास येईल. बाकी सगळी विशीतली पोरं, कुणी साकेत नगरच्या हॉटेलातलं, कुणी नेहरू नगरच्या. डबा घेऊन आलेला मी एकटा. शिकवलं मात्र छान हो! एकवीस वर्षांखालच्याला द्यायची नाही, संशय आला तर ओळखपत्र मागायचं. पेग मापानंच भरायचा, अंदाजानं नाही. एक पेग उतरवायला लिव्हरला साधारण तासभर लागतो, मग वरून काळी कॉफी पाजा नाहीतर डोक्यावर बादली ओता, उपयोग शून्य. (म्हणजे आमच्या होळीत इतकी वर्षं ज्या बादल्या ओतल्या, त्या सगळ्या फुकट.) मग सिग्नलचे रंग. माणूस हसतोय, बोलतोय, तोपर्यंत हिरवा. आवाज चढला, तीच गोष्ट पुन्हा सांगायला लागला, शेजाऱ्याच्या गळ्यात पडला, की पिवळा. टेबल बडवलं, रडला, जुनं भांडण उकरलं, की लाल. मी हात वर करून विचारलं की आमच्या मंडळाची वार्षिक सभा सुरुवातीपासूनच लाल असते आणि तिथे तर नुसता चहा असतो, त्याचं काय? पोरं हसली. सक्सेना साहेबांनी मात्र ते मनाला लावून घेतलं आणि चहावाल्याला बोलावून साखर किती घालतो ते विचारलं.

लेखी परीक्षेत मी पास झालो. घोटाळा झाला तो प्रात्यक्षिकात. सक्सेना साहेब गिऱ्हाईक झाले, बाटलीत कोरा चहा भरला. त्यांनी दोन पेले घेतले, तिसऱ्याला हात हलवून म्हणाले, “बस भाईसाब, अब घर चलेंगे.” मी तिथे फक्त एवढंच करायचं होतं: पाणी द्यायचं, गाडीची किल्ली मागून घ्यायची, रिक्षा बोलवायची. पण भाऊजी, कानावर ‘बस’ पडलं आणि माझ्या अंगात आमचे सगळे पूर्वज संचारले! मी म्हणालो, “अरे, ऐसे कैसे साहब! एक तो लेना ही पड़ेगा, आपको हमारी कसम!” त्यांनी पेल्यावर हात धरला. मग काय, सवयीनं मी बोटांच्या फटीतून ओतला. बाही कोपरापर्यंत भिजली. त्यांनी माझ्या कागदावर शेरा मारला तो मला पाठ आहे: ‘ग्राहक घरी निघाला होता, उमेदवाराने बसवून घेतले.’ नापास.

घरी आलो तर रत्नप्रभानं माझं तोंड पाहूनच ओळखलं. रडली नाही, पदर खोचला. ताकाचा लोटा आणि पेला मांडला, आणि स्वतः दारुडी झाली. (हे ताईला वाचून दाखवू नका.) “अजून द्या,” म्हणायची, आणि मी नाही म्हणायचं. भाऊजी, लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मी या बाईला नाही कधी म्हटलंय का? ती ताक पीत गेली, मी ओतत गेलो. शेवटी लोटा आपटून म्हणाली, “तुमच्या हातून आग्रह सुटायचा नाही. निदान आग्रह कशाचा करायचा, ते तरी बदला!”

बायकोचं ऐकलं. दुसऱ्या खेपेला सक्सेना साहेबांनी आल्या आल्या टेबल बडवलं, लाल सिग्नल, अजून एक आण म्हणून आरडाओरडा. मी “जी, अभी लाया” म्हणालो आणि भजी आणली. मग पाणी. मग दहीवडे. एवढ्यानं काय होतंय, घरचंच समजा, आमची शपथ, हे सगळं केलं, पण पेल्याच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. नाटक करता करता ते खरंच जेवले. दहाव्या भज्याला त्यांनी प्यायलेल्याचं सोंग सोडलं आणि साध्या आवाजात सोडा मागितला, पचायला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकलो!

पण प्रमाणपत्र मिळालं ते कच्चं. साहेब म्हणाले, खाऊ घालणं उत्तम, पाणी देणं उत्तम, पण तुमच्या तोंडातून ‘नाही’ हा शब्द एकदाही निघाला नाही, आणि प्रत्येक गिऱ्हाईक काही भज्यांवर ऐकत नाही. येत्या शनिवारी क्लबचं जेवण आहे. ते स्वतः येऊन कोपऱ्यात बसणार. खऱ्या पाहुण्यानं जास्तीचा पेला मागायचा आणि मी स्पष्ट नकार द्यायचा, की शिक्का पक्का.

आता यात अडचण कसली, म्हणाल. अडचण अशी की माझी परीक्षा आहे हे टाउनशिपभर झालंय, आणि लोक आहेत प्रेमळ. एरवी टेबलावर चढून गाणारे आमचे इंजिनिअर आता दोन पेल्यांत उठतात, “आपकी नौकरी का सवाल है, भाईसाब,” म्हणतात आणि पायी घरी जातात. बंद कारंज्यातले डेप्युटी मॅनेजर तर लिंबूपाण्यावर आलेत. म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते साधलं, आणि मला नाही म्हणायला अख्ख्या टाउनशिपमध्ये माणूस उरला नाही!

असो. बाकी सर्व क्षेम. ताईला सांगा, थंडी पडायला लागली आहे, तळ्यावर फिरायला हवा छान आहे.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
प्रभाकर

ता. क. : भाऊजी, आपण शुक्रवारच्या गाडीनं या. आपल्या तोंडून ‘पुरे’ हा शब्द मी आजवर ऐकलेला नाही, त्यामुळे आपल्यासारखा परीक्षक भोपाळात मिळणं कठीण. आपण मापाचे दोन घ्यायचे आणि तिसरा मागायचा, बस्स. मी नाही म्हणेन. घरच्या जावयाला जो नाही म्हणू शकला तो कुणालाही म्हणू शकतो, हे मी सक्सेना साहेबांना समजावून सांगितलंय. रागावायचं असेल तर मनसोक्त रागवा, परीक्षेला ते चांगलंच, फक्त रुसून स्टेशनवर जाऊ नका. क्लबातून घर चालत पाच मिनिटांवर आहे, आणि पायरी एकच.

ता. क. २ : रत्नप्रभा म्हणते, जावयाला नाही म्हणण्याचं पाप लागतं. त्याच्या परिहारासाठी रविवारी पुरणपोळी. ताईला घेऊनच या. येताना लोणचं आणलंत तर बरणी आहेच.

ता. क. ३ : आत्ताच आरशासमोर उभा राहून मोठ्यानं म्हणून पाहिलं, “भाऊजी, आता नाही.” चांगलं जमलं. पण त्याच्यापुढे आपोआपच निघालं, “असं कसं, माझ्यासाठी एक तरी!” तेव्हा एवढं करा. शनिवारी माझी जीभ घसरलीच, तर आपणच ‘पुरे’ म्हणा, जन्मात पहिल्यांदा, आणि पेल्यावर हात आडवा धरा. पण भाऊजी, हात जोडून सांगतो, बोटं घट्ट मिटलेली ठेवा.