मधेच थांबलेली पाण्याची रेघ

मी, तेओदोरा गाविओला, वय एकाहत्तर, राहणार बासाय, सामार बेट, गावात माना दोराय, म्हणजे दोराय ताई, या नावाने ओळखली जाणारी, आज माझ्या स्वयंपाकघरात बसून हे मृत्युपत्र सांगत आहे. गेल्या उन्हाळ्यात उजवा हात लुळा पडला. डोके शाबूत आहे आणि जीभ त्याहून शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. कोणी दाब आणला असता तर त्याला मी पायरीवरूनच परत पाठवले असते. मी सांगते तसे ताक्लोबानच्या वकील रोवेनाबाई टाइप करत आहेत. टोमणे गाळावेत असे त्यांचे मत पडले. मी म्हटले, गाळाल तर सही करणार नाही.

कलम पहिले. हे घर व मागची केळीची जागा माझी मुलगी नेनिता हिला मिळावी. ती गवताच्या चटया विणायला शिकली नाही, गवताने अंगाला खाज सुटते म्हणते. सुटू दे. घर विकू नये, आणि पत्र्यावर कावळे नाचतात म्हणून छप्पर बदलायच्या भानगडीत पडू नये, ते छप्पर मोठ्या वादळानंतर मी स्वतः उभी राहून घालून घेतले आहे.

कलम दुसरे. पतपेढीतली शिल्लक माझ्या दफनावर आणि नवव्या दिवसाच्या प्रार्थनेच्या जेवणावर खर्च करावी. सोर्सिंगच्या नवऱ्याच्या नवव्या दिवशी एक डुक्कर होते. माझ्या वेळी दोन असावीत.

कलम तिसरे. गवत चपटे करायचा दांडा, चिरायची सुरी आणि रंगाची पातेली गुहेत बसणाऱ्या विणकर पोरींनी वाटून घ्यावीत. लाल रंगाचे पातेले मात्र सोर्सिंगला उसनेही देऊ नये. तिचा लाल विटकरी उतरतो. तो तसाच उतरत राहावा अशी माझी इच्छा आहे.

इथे रोवेनाबाईंनी हात थांबवला. "माना, कोण ही सोर्सिंग? सारखी येतेय."

"तिच्यासाठी वेगळं कलम आहे. टाइप करा."

कलम चौथे. कोन्सोर्सिया उर्फ सोर्सिंग ही माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तरुणपणापासून आम्ही दोघी गुहेत एका चटईवर विणायला बसायचो. बाहेरच्या उन्हात गवत कडक होऊन तुटते, गुहेच्या गारव्यात ते बोटांचे ऐकते. रुंद चटई असली की मी डावीकडे, ती उजवीकडे. आमच्या दोघींच्या हाताचा ताण इतका सारखा की मधे सांधा कुठे आहे ते आमचे आम्हालाही सापडत नसे. दुसरी कोणी शेजारी बसली की विणीतून उजेड दिसतो.

मग मनिलाहून प्रदर्शनवाले आले. नव्या धर्तीच्या वस्तू आणि हातकाम असे काहीतरी त्यांचे प्रदर्शन. त्या दिवशी मी घरी सुकट उलटायला गेले होते. सोर्सिंग गुहेत होती, केस विंचरून. तिने दोन्ही नावे सांगितली, हे मला ठाऊक आहे, पोरींनी ऐकले आहे. पण पाटीवर लागले एकच. तेव्हापासून तिच्या चटया भिंतीवर टांगतात आणि खाली दिवे लावतात. माझ्या चटयांवर लोक झोपतात आणि त्यांची पोरे मुततात. तिचा फोटो नगरपालिकेत लागला आहे. कर भरायला गेले की ती माझ्याकडे बघून हसते, फोटोतून.

एकदा तिने मला प्रदर्शनाला नेले. आमची चटई तिथे बुटक्या ओट्यावर पसरली होती. चटई पसरलेली दिसली की बासायची बाई काय करेल? मी चपला काढल्या आणि बसले. काठ नीट वळलाय का ते बोटाने बघत होते. रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला. सगळी माणसे वळून बघू लागली. तेव्हा सोर्सिंग लगबगीने आली आणि त्याला म्हणाली, "असू द्या हो, माझीच बाई आहे. मदतीला असते माझ्याकडे."

मला वाचवायला म्हणाली असेल. लोक गोड हसले, एकाने मला पाण्याची बाटली दिली. ती बाटली मी त्याच्या अंगावर फेकली नाही, एवढा माझा चांगुलपणा या कागदात नोंदवावा. त्यानंतर मी सोर्सिंगशेजारी विणायला बसले नाही. मला तिचा हेवा वाटतो. सकाळी उठल्यावर वाटतो, चर्चमध्ये तिची मान दिसली की वाटतो. फादरना सांगून झाले, काही फरक नाही.

कलम पाचवे. माझी शेवटची चटई. यंदा प्रदर्शनवाल्यांनी मला बोलावले. मला, तेओदोराला. नोव्हेंबरात तीच भिंत आणि तेच दिवे. फुले-पाने न घेता मी एकच गोष्ट घेतली: वादळाचे पाणी घराच्या भिंतीवर जिथवर चढले होते ती रेघ. खाली काळे, वर बिनरंगाचे गवत, मधून ती रेघ थोडी तिरकी जाते, कारण पाणी समुद्राच्या बाजूला जास्त होते. रेघ डाव्या काठापासून मध्यापर्यंत आली आणि माझा हात गेला. चटई गुहेत गुंडाळून ठेवली आहे. माझ्यामागे ती कोणी अर्धवट पाहावी हे मला सहन होणार नाही. म्हणून ती माझ्याबरोबर पेटीत ठेवून पुरावी.

एवढे टाइप होते न होते तोच बांबूच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "पेटीत मावायची नाही ती! अगं, केवढी रुंद आहे!"

सोर्सिंग बाहेर बाकावर बसली होती. तिसरा साक्षीदार कोंबड्यांच्या झुंजीला गेला म्हणून रोवेनाबाईंनी नाव न विचारताच रस्त्यावरून जाणाऱ्या तिला बोलावून बसवले होते. मला विचारले नव्हते.

"तू माझी चटई कधी पाहिलीस?" मी विचारले.

"रोज पाहते," ती आत येत म्हणाली. "ओल लागू नये म्हणून मीच उलटून ठेवते. माना, ती पुरायची नाही. मी पुरी करते."

"आणि नाव तुझं लागणार."

"तुझं एकटीचं लाव. माझं नकोच. मला पुष्कळ झालं."

रोवेनाबाईंनी डोळे पुसले. गुहेतल्या पोरी पण दारात गोळा झाल्या होत्या, त्यांनीही माना हलवल्या, काय मोठं मन म्हणून. तेव्हा मला जे वाटले ते मी जसेच्या तसे इथे लिहवून घेते. सगळे नाव तिनेच नेले, आता नाव सोडण्याचा मोठेपणाही तीच नेणार. मी मेल्यावर गावात सांगतील, बिचारी सोर्सिंग, अर्धी चटई विणली पण कुठे बोलली नाही. आणि माझी पाटी त्या भिंतीवर भिकेत मिळाल्यासारखी दिसेल.

म्हणून कलम पाचवे रद्द. त्याजागी हे वाचावे.

चटई पुरी करण्याचा हक्क कोन्सोर्सियाला. पाटीवर दोन्ही नावे लावावीत, एकाच आकाराच्या अक्षरांत, माझे आधी. दोन नावे मावत नसतील तर मोठी पाटी आणावी. तिने नाव घ्यायला नकार दिल्यास चटई प्रदर्शनाला देऊ नये.

"म्हणजे तिला या मृत्युपत्रातून काहीतरी मिळतंय," रोवेनाबाई म्हणाल्या. "मग ती साक्षीदार चालणार नाही."

"नाही चालणार. रिक्षावाल्या रुफिनोला बोलवा."

"माना," सोर्सिंग म्हणाली, "मला नाव नको म्हटलं ना."

"तुला विचारलंय कोणी?"

मुलांसारखे नाक ओढून सोर्सिंगने विचारले, "रेघ किती तिरकी घ्यायची?"

मी सांगू लागले. डाव्या हाताने दाखवले, जमले नाही. हवेत दाखवून तिरकेपणा कळत नाही, आणि तिला सांगून तर मुळीच कळत नाही, जन्मात कळला नाही.

कलम सहावे व शेवटचे. रोवेनाबाई सांगतात की मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते. बाकीची कलमे खुशाल तशी लागू व्हावीत. पाचवे कलम उद्या सकाळपासून लागू आहे. रुफिनोने मला गुहेच्या तोंडापर्यंत सोडावे, पुढे पोरींनी खुर्चीसकट उचलून न्यावे, आणि ती उजवीकडे बसली की मला डावीकडे ठेवावे.

सही (डाव्या हाताने): तेओदोरा गाविओला

साक्षीदार:
रुफिनो लाबुआक, रिक्षाचालक
एस्तेलिता मोराल्ला, शेजारीण
प्रुदेन्सिया ओबिन्ग्वार, शेजारीण

मृत्युपत्र माझ्यासमोर सांगितले गेले व त्यावर सही झाली: वकील रोवेना काब्रेरा

बासाय, सामार
९ सप्टेंबर २०२३