ढेकळांवरचा सराव

२६ ऑक्टोबर, रविवार
ठरलं. गोल्फ.
कॉलेजातल्या पायलचा अकोल्याहून फोन. नागपूरला पोरापोरींची आंतरराष्ट्रीय गोल्फ स्पर्धा आहे, बाहेरच्या देशांतले खेळाडू येऊन राहिले, तिची व्हॉलंटियर म्हणून निवड झाली. मग विचारलं, कुलदीप, तू काय करून राहिला? डोकं सटकलं. म्हटलं, मी पण येऊन राहिलो. खेळायला.
ती हसली नाही. म्हणजे विश्वास आहे. कॉलेज सोडल्यापासून (काढलं नाही कोणी, मीच दार आपटून निघालो) तिचा हा पहिलाच फोन. नागपुरात मनातलं सांगून टाकणार.

२८ ऑक्टोबर
शेजारच्या अनुपची जुनी हॉकी स्टिक आणली. गोल्फची काठी पण वाकडी, ही पण वाकडी. सोयाबीन निघाल्यावर बाबांनी हरभऱ्यासाठी वावर नांगरलं, ढेकळं उशीएवढी. प्लास्टिकचे तीन चेंडू मारले. तिन्ही ढेकळांत गडप. यात माझी चूक नाही.

२९ ऑक्टोबर
चेंडू बंद. सरळ ढेकूळच हाणायचं. जडावर हात बसला की हलकं आपोआप जाईल. ढेकूळ उडत नाही, फुटतं. म्हणजे ताकद जास्त आहे.

१ नोव्हेंबर
बाबा वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभे राहून बराच वेळ बघत होते. वाटलं, आता शिव्या. तर म्हणाले, ढेकळं फोडायले रोटाव्हेटरवाला काही येऊन नाही राहिला, हाण तू. अन् ते आंब्याखालचं बारीक नाही झालं, पुन्हा हाण.
घरातून पाठिंबा. मोठ्या खेळाडूंनाही सुरुवातीला मिळत नाही.

५ नोव्हेंबर
तळहाताला फोड. फोटो पायलला पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. भरून आलं असेल.

९ नोव्हेंबर
अनुप म्हणे, अबे येड्या, ते खेळाडू अठराच्या आतले असतात. तू एकवीसचा घोडा. त्याच्यावर स्टिक फेकली. मग उचलून आणली, सराव बुडतो.
पायलला फोन. म्हणाली, मले माहीत होतं ना तुह्यं वय, तुह्या वाढदिवसाचा केक मीच आणला होता. मग सांगितलं काहून नाही? म्हणे, रिकामा बसण्यापेक्षा तू कायले तरी लागला, बरं वाटलं.
बरं वाटलं म्हणाली! दोनदा लिहून ठेवतो. बरं वाटलं.
नवा बेत: प्रेक्षक म्हणून जायचं. एखादा कोच फटका बघेलच.

१५ नोव्हेंबर, सकाळ
नागपूरची एसटी. पांढरा शर्ट. आज सांगणार.

१५ नोव्हेंबर, परतीची एसटी
इस्त्री केल्यासारखी हिरवळ. ढेकूळ औषधालाही नाही. एका कोपऱ्यात प्रेक्षकांसाठी एक फटका फुकट. माझ्याआधी परदेशातली एक चिमुरडी आली, टक् केलं, चेंडू दिसेनासा.
मग मी. समोर पायल, डोक्यावर स्पर्धेची टोपी, शेजारी तिचे साहेब. पाय रोवले. नजर सवयीने चेंडूखालच्या जमिनीवर गेली. पूर्ण ताकदीनं हाणलं. परातीएवढी हिरवळ मुळासकट निघून साहेबांच्या बुटांवर. चेंडू खड्ड्यात. माळी बोंबलला. मी पण बोंबललो, जमीनच भुसभुशीत आहे तुमची.
साहेबांनी पायलला विचारलं, तुमच्या ओळखीचा आहे का हा. तिने टोपी खाली ओढली. म्हणाली, नाही सर, प्रेक्षकांतला असेल कोणी.
तिचं सर्टिफिकेट अडकलं असतं. मी समजू शकतो.
शर्टावर तिथली लाल माती. आमची काळी असते.

१६ नोव्हेंबर
पायलला सॉरी पाठवलं. एकच टिक. नेटवर्क नसेल.
बाबांनी विचारलं, झालं काय तुह्यं नागपूर? मान हलवली. म्हणाले, मंग चाल, उद्या पेरणी आहे, विहिरीकडचा तुकडा राह्यला. हात मात्र मस्त बसला बरं तुहा.
स्टिक घेतली.
संध्याकाळपर्यंत सगळं वावर बारीक. टिक अजून एकच.