स्लॅब, मी आणि अठ्ठावीस मार्च

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञाने निरीक्षणं लिहून ठेवावीत. मी सरकारी इंजिनिअर असलो तरी मनाने शास्त्रज्ञ आहे. ऑफिसात हे कुणाला कळत नाही.

परिस्थिती: पार्ट-टाइम पीएच.डी., वर्ष नववं. विषय कंटिन्युअस प्लेट. म्हणजे एकच स्लॅब अनेक भिंतींवरून सलग गेलेला. एका खोलीवर वजन ठेवलं की तिथे तो वाकतो आणि शेजारच्या खोलीवर किंचित वर उचलला जातो. सुंदर विषय. बायकोला, कुमुदला, दरवर्षी समजावतो.

प्रयोगासाठी आमच्याच दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरची गच्ची. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, मधली भिंत हा सपोर्ट. माझ्या गणिताने हा स्लॅब सेकंदाला चोवीस वेळा थरथरायला हवा. मोजल्यावर येतात नऊ. किरकोळ फरक.

पुण्याच्या ट्रान्सफरचा फॉर्म २८ मार्चला पाचच्या आत ऑफिसात स्वतः नेऊन द्यायचा. कुमुदचे वडील अण्णासाहेब कोथरूडला एकटे असतात, वय ८६. पीएच.डी.पायी मी दोनदा पुणं नाकारलं. या वेळी चोवीस आले की त्याच दिवशी सही. कुमुदला शब्द दिला. ती अच्छा म्हणाली.

९ फेब्रुवारी
गच्चीवर उड्या मारून रीडिंग घेतलं. नऊ. खाली कुमुदचा मिक्सर चालू होता. या घरात सायंटिफिक वातावरण नाही. संकल्प: रविवारी मिक्सर बंद.

१६ फेब्रुवारी
मिक्सर बंद. त्यामुळे इडल्याही बंद. नऊ. दोष पाण्याच्या टाकीचा.

२३ फेब्रुवारी
टाकी रिकामी केली. नऊ. खालचे तीन मजले बिनअंघोळीचे. वर्मासाहेब वर येऊन हिंदीत बरंच बोलले. त्यांचा विषय वेगळा असल्याने वाद घातला नाही.

५ मार्च
स्वयंपाकघरावर दोनशे विटा रचल्या. हॉलवरचा स्लॅब उचलला जायला हवा. तोही खाली वाकला. विटा निकृष्ट.

माझ्या गाईड मृणाल मॅडम (माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, पण बुद्धी बरी) म्हणाल्या, सर, मधली भिंत खरंच स्लॅबला टेकलीय का, ते बघितलंत? मी हसलो. नऊ वर्षं त्या भिंतीला पाठ टेकून जेवतोय.

१५ मार्च
अण्णासाहेब बाथरूममध्ये पडले. शेजाऱ्यांना दोन तासांनी कळलं. हाड शाबूत आहे. कुमुद दिवसभर फोनवर होती. मी तिला म्हटलं, चोवीस येईपर्यंत धीर धर. ती उठून आत गेली. माझे शब्द चुकले असतील. मुद्दा बरोबर होता.

२८ मार्च, दुपारी ३.३०
रजा टाकली. फॉर्म भरून खिशात. शेवटचं रीडिंग घेतो, मग रिक्षाने ऑफिस.

संध्याकाळी ५.४०
नऊ आले. मॅडमच्या डोक्यातलं खूळ एकदाचं काढावं म्हणून स्टुलावर चढलो. हॉलच्या बाजूने शोभेची पट्टी आहे, म्हणून स्वयंपाकघरातून माळ्यामागे हात घातला. भिंत आणि स्लॅब यांच्यात चार बोटं फट. भिंत कशालाच टेकलेली नाही. आमच्याआधी इथे राहणाऱ्या साहेबांनी नंतर घातलेली पार्टिशन. फटीत वर्तमानपत्रं कोंबलेली.

कुमुदला विचारलं. ती म्हणाली, फोडणीचा धूर हॉलमध्ये जातो म्हणून दर दिवाळीला मीच कोंबते. मग सांगितलं का नाहीस, म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही मला मिक्सरबद्दल विचारलंत, भिंतीबद्दल कधी विचारलंच नाहीत.

म्हणजे नऊच बरोबर होते. नऊ वर्षं. तसाच स्टुलावर बसून राहिलो. किती वेळ ते कळलं नाही. दोनदा घड्याळ दाखवलं, असं कुमुद म्हणते. फॉर्म खिशातच आहे.

३१ मार्च
मॅडमनी खटपट करून पीएच.डी.ला एक वर्षाची मुदतवाढ मिळवली. आता मधला सपोर्ट काढून सगळं गणित पहिल्यापासून. एका परीने संधीच आहे, असं कुमुदला म्हटलं. तिने निजामुद्दीनहून पुण्याचं तिकीट काढलंय. एकच. परतीचं काढलेलं नाही. तिकडे गेल्यावर बघते म्हणाली.

६ एप्रिल, रविवार
रीडिंग घेतलं नाही. सकाळपासून घरात करमत नाहीये. कुमुद हवी होती.

संध्याकाळी अण्णासाहेबांचा फोन. आवाज बारीक झालाय. कुमुद पोचली म्हणाले, तिने मुगाची खिचडी केली म्हणाले. मग विचारलं, यतीनराव, तुम्ही कधी येताय?

नऊ वर्षं मी त्यांना तारखा देत आलो. दिवाळी, मे महिना, मार्चअखेर. आज एकही सांगता आली नाही.