पतंग धरणारी

प्रिय दादा,

वहिनी काल येऊन गेली. तुझा निरोप दिला, चहा अर्धाच प्यायली आणि "मी आपली मधली, माझ्यावर रागावू नकोस गं" म्हणत उठली. मी तिच्यावर कशाला रागावू? फक्त उत्तर तिच्या हाती पाठवलं नाही. जे विचारायला तुला बायकोला पुढे करावं लागलं, त्याचं उत्तर मी तिच्याच तोंडून द्यावं हे काही मला पटेना. फोन केला असता, पण फोनवर तू मला मधेच हसवतोस आणि मी जे बोलायचं ते विसरून बसते. ही तुझी लहानपणापासूनची युक्ती आहे. कागदावर ती चालत नाही, म्हणून हे पत्र.

तर तुला तुझे विद्यार्थी मागच्या किनाऱ्यावर आणायचेत. समोरच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही हे मला कळायला वहिनी कशाला हवी? मी परवाच तिकडच्या भिंतीवर उभी राहून बघून आले. वाळूचा तो एवढासा पट्टा आणि त्यावर सगळ्यांनी आपापले हवा भरायचे, पाण्यावर ओढत नेणारे पतंग पसरलेले. एकाच्या दोऱ्यांवरून दुसरा चालतोय, तिसरा पंप मारता मारता चौथ्यावर खेकसतोय. गेल्या आठवड्यात हवेतच दोन पतंगांच्या दोऱ्या अडकल्या आणि त्यातला एकजण भिंतीवर आदळला, तेव्हा कुठे नगरपालिका जागी झाली. आता एका वेळी मोजकेच पतंग उडवायचे अशी पाटी आहे. पाटीखाली रांग, आणि रांगेत भांडणं. टेकडीला वळसा घालून दहा मिनिटं चाललं की इकडे माझा लांबच लांब किनारा मोकळा पडलाय. वारा तोच, पाणी उलट जास्त सपाट. पण इकडे कोणी फिरकत नाही.

हे कोडं मी किती डोकं लावून सोडवायला बघितलं, तुला कल्पना नाही. आधी वाटलं, पार्किंगमुळे असेल. तिकडे गाडीतून उतरलं की वाळू, इकडे सामान खांद्यावर घेऊन चालावं लागतं. मग वाटलं, भाव खायला मिळतो म्हणून. भिंतीवर आइस्क्रीम खात बसलेली माणसं बघत असली की ह्यांच्या उड्या दोन हात उंच जातात, इकडे बघायला फक्त खेकडे. मग वाटलं, घाबरत असतील. चार पतंग आकाशात दिसले की पाचव्याला वाटतं, हे बुडाले नाहीत तर मीही नाही बुडणार. प्रत्येक सीझनला माझं नवं उत्तर तयार. एका वर्षी मी येणाऱ्यांसाठी बाक केला, एका वर्षी हातगाडी आणली सामान वाहायला. हातगाडीचा उपयोग शेवटी मलाच झाला, रद्दी न्यायला.

आणि मग मला वाटलं, सापडलं. बाबांना तू हा खेळ पहिल्यांदा समजावलास, ते आठवतंय ना? ते मशीनवर ताडपत्री शिवत होते आणि तू चहाची बशी हातात धरून सांगत होतास. खोलीएवढा पतंग, त्याला चार लांब दोऱ्या, दोऱ्यांचं दुसरं टोक माणसाच्या हातातल्या दांडीला, दांडी कमरेच्या पट्ट्याला. माणूस पाण्यात फळीवर, आणि पतंग त्याला ओढत नेणार. बाबा म्हणाले, ते ठीक, पण उडवणारा इतक्या लांब उभा असताना तो धटिंगण वाऱ्यात उभा धरणार कोण? तू म्हणालास, दुसरा माणूस. तो पतंग घट्ट धरून उभा राहतो, आणि उडवणारा सगळं तपासून अंगठा वर करेपर्यंत सोडत नाही. बाबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, मग ह्यात मोठा कोण, उडवणारा की धरणारा? तू क्षणाचाही विचार न करता म्हणालास, धरणारा. कारण उडवणाऱ्याचा जीव त्याच्या हातात असतो. मी तेव्हा दारात उभी होते. हा खेळ शिकायचा हे मी त्या वाक्याला ठरवलं, पतंग तर मी अजून बघितलाही नव्हता.

तर मला वाटलं, लोक तिकडे जातात कारण तिकडे पतंग धरायला कोणीतरी असतं. एकट्याला हा खेळ खेळता येत नाही, रिकाम्या किनाऱ्यावर वारा कितीही चांगला असला तरी एकटा माणूस कोरडाच राहतो. म्हणून मी मोठ्या अक्षरांत पाटी लावली, "पतंग धरून मिळेल, पैसे नाहीत." आणि वारा असेल तो प्रत्येक दिवस सकाळपासून वाळूत उभी राहिले. एक जोडपं आलं. पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं, आपसांत काहीतरी कुजबुजले आणि सामान न उतरवताच गेले. मला वाटलं, फुकट म्हटल्यावर लोकांना संशय येतो. बघ, किती बावळट आहे तुझी बहीण.

गेल्या महिन्यात एक बाई पतंग शिवायला घेऊन आल्या. दातांच्या डॉक्टर आहेत, तुझ्याकडे शिकतात. मी बाबांच्याच खोलीत, बाबांच्याच मशीनवर पतंगांची दुरुस्ती करते हे त्यांना दुकानातून कळलं होतं. मी फाटकी शिवण उसवत होते आणि त्या खोलीभर बघत होत्या. मग तुझा आणि माझा तो फोटो दिसला, किनाऱ्यावर शेड बांधली त्या दिवशीचा. त्या एकदम म्हणाल्या, अरे, म्हणजे त्या तुम्हीच का? मी विचारलं, त्या म्हणजे कोण? बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. दुसऱ्याच्या तोंडात हात घालणारी बाई, पण स्वतःच्या तोंडातून शब्द काढताना घाम फुटला त्यांना.

त्या म्हणाल्या, सर पहिल्याच तासाला सांगतात. पतंग कोणाच्या हातात द्यायचा हे वाऱ्याइतकंच बघून ठरवा. म्हणतात, माझ्या सख्ख्या बहिणीने मी अंगठा दाखवायच्या आत पतंग सोडला आणि माझा खांदा मोडला, म्हणून जिथे माहितीची, तयार माणसं आहेत तिथेच उतरा. वर त्या मला समजावत होत्या, की सर राग धरून नाही सांगत हो, अगदी मायेने सांगतात. ती लहान होती, घाबरली, तिचा दोष नाही, असंही म्हणतात.

दादा, मी ती शिवण पूर्ण केली. टाका एकसुद्धा वाकडा पडला नाही. त्या गेल्यावर मात्र मी दार लावून घेतलं आणि बाबा गेले तेव्हासुद्धा रडले नव्हते इतकं रडले.

त्या दिवशी काय झालं ते मी तुला सांगायला हवं का? आपली शाळा नुकती सुरू झाली होती. पहिले विद्यार्थी वाळूत बसले होते, तू त्यांना हसवत होतास, एकीकडे तयारी करत होतास. मला तू ज्या नियमासाठी जेवतानासुद्धा छळलंस, डोळे मिटायला लावून विचारलंस, दांडीचा लाल भाग कुठल्या हाताला? डाव्या. झोपेतून उठवून विचारलंस तरी? डाव्या. तोच नियम तू विसरलास. बोलण्याच्या नादात दांडी उलटी उचललीस, लाल उजव्या हाताला. मी दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला होते, तिथून मला ते दिसणं शक्य नव्हतं. मला दिसला तो तुझा अंगठा, आणि तो दिसल्यावरच मी पतंग सोडला. तू डावीकडे वळवायला गेलास, पतंग उजवीकडे पडला, तू अजून जोर केलास, आणि त्याने तुला वाळूतून फरफटत नेलं.

मी सगळ्यात आधी पोचले. तुझा खांदा कसातरीच दिसत होता आणि तू दुखण्याचं नाव न काढता म्हणालास, भिंगरे, कोणाला सांगू नकोस. मी खाली बघितलं, तेव्हा मला दांडीचं लाल टोक तुझ्या उजव्या हाताला दिसलं. बाकीचे धावत येत होते. मी ती दांडी तुझ्या हातातून सोडवून सरळ केली. कोणी शिकवलं नव्हतं मला तसं करायला. माझा दादा पहिल्या धड्यात चुकला हे कोणाला कळायला नको, एवढंच डोक्यात होतं. आणि तेव्हापासून आजपर्यंत मी तोंडातून ब्र काढला नाही.

तुला सबब हवी होती हे मी समजू शकते. शिकवणाऱ्यानेच ती चूक केली म्हटल्यावर शिकायला कोण येणार? पण तू वाऱ्यावर ढकलायचंस ना! वारा फिरला म्हणायचंस. वाऱ्याला कुठे शाळा चालवायची होती? मी काही बोलले नसते, उलट दोन शब्द माझ्या पदरचे घातले असते. तू मला निवडलंस, कारण मी गप्प बसणार हे तुला पक्कं ठाऊक होतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मी आजवर फक्त ऐकलं होतं. मग खांदा बरा झाल्यावर एवढं सामान घेऊन चालवत नाही म्हणून तू समोरच्या किनाऱ्यावर गेलास, आणि मी वेडी तुझ्या खांद्याची काळजी करत इकडे आपली शेड सांभाळत बसले. तुझ्याकडे शिकलेल्यांनी पुढच्यांना शिकवलं, त्यांनी अजून पुढच्यांना. तिकडे एवढी रेटारेटी का, ह्याचं उत्तर मला एका दातांच्या डॉक्टरने दिलं. ते सगळे माझ्यापासून लांब राहतायत, दादा.

हा सीझन संपला की शेडला कुलूप घालायचं आणि शहरात छत्र्या-तंबू शिवणाऱ्या कारखान्यात जायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. बोलणीही झाली होती. तेवढ्यात वहिनी आली. आपण पुन्हा एकत्र चालवू, पाटीवर दोघांचं नाव लावू, हे तिने छान हसून सांगितलं. मग कपात बघत म्हणाली, तू सामान आणि शिवणकाम बघ, पतंग धरायला ह्यांची माणसं असतील. ते वाक्य तू तिच्याकडून पाठ करून घेतलंस का रे? आणि निघताना, चपला घालता घालता, तिने मला हळूच विचारलं, खरंच आधी सोडला होतास का गं? म्हणजे तू घरातसुद्धा हेच सांगितलंयस. ती उशाशी झोपणारी बाई, तिलाही. मी तिला म्हटलं, सावकाश जा, पायरी निसरडी आहे.

तर आता माझं उत्तर. येत्या रविवारी सकाळी, गर्दी अगदी भरात असेल तेव्हा, मी समोरच्या किनाऱ्यावर येणार आहे. तू तुझा पतंग वाळूवर पसर, तुझ्या तयार माणसांना बाजूला उभं कर आणि धरायला मला हाक मार. भिंगरी म्हणून मार नाहीतर नुसता हात कर, पण सगळ्यांना दिसेल असं कर. मला माफी नको, खुलासा नको, त्या दिवशीची गोष्ट तू कोणाला सांगावीस असंही म्हणणं नाही. नुसतं मला बोलाव आणि माझ्याकडे पाठ न फिरवता उभा राहा. तू हाक मारलीस तर दुपारपासून मागचा किनारा, शेड, बाक, ती हातगाडीसुद्धा तुझी नि माझी. नाही मारलीस तर मी थोडा वेळ भिंतीवर बसेन, मग तुझ्या घरी जाईन आणि वहिनीला तिच्या प्रश्नाचं उत्तर देईन. घाबरू नकोस. तुझा अंगठा दिसेपर्यंत मी सोडणार नाही. हे तुला त्या दिवशीही माहीत होतं.

अजून तरी तुझीच,
भिंगरी